पंचेचाळीसच्या पुंगळ्या कशा निवडाव्यात: छोटा प्रायमर, मोठा प्रायमर

लहानपणी आई परातीत तांदूळ पसरून मला निवडायला बसवायची. खडा तांदळाच्याच रंगाचा असतो, म्हणून हाताने नाही, डोळ्यांनी निवडायचं, हे तिचं शिकवणं. आज टेक्सासमधल्या माझ्या गॅरेजमध्ये मी .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या तशाच निवडतो. इथला खडाही बाकीच्यांच्याच रंगाचा, त्याच लांबीचा आणि त्याच जाडीचा असतो. फरक एकच, बुडातलं प्रायमरचं, म्हणजे पावडर पेटवणाऱ्या टोपीचं, भोक एक मिलिमीटरहूनही कमी फरकाने लहान.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि स्वतःची काडतुसं स्वतः भरणाऱ्या मराठी नेमबाजांसाठी आहे. पावडर किती घालायची, गोळी कोणती निवडायची हे यात नाही. त्यासाठी पावडर आणि गोळ्यांच्या कंपन्यांची छापील कोष्टकं आहेत, आणि ती सोडून दुसऱ्या कुणाचं ऐकू नये. इथे फक्त प्रायमरच्या दोन मापांचा विचार आहे, कारण नवशिक्याची सगळ्यात आधी फजिती होते ती इथेच, आणि त्या फजितीच्या पोटात खरा धोका असतो.

आधी कायदा

भारतातल्या वाचकांसाठी स्पष्ट सांगतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. घरी काडतूस पुन्हा भरणं हे बनवणंच झालं. त्यामुळे हा छंद तिथे करून बघायचा नाही.

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही. विकायची असतील तर दारूगोळा उत्पादकाचा परवाना लागतो. राज्याराज्यांचे नियम निराळे आहेत, ते आपापल्या राज्यात तपासावेत. आपल्या लोकांना अनेकदा माहीत नसलेली एक गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी. एच-१बी किंवा तत्सम नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूकच काय, दारूगोळाही बाळगता येत नाही. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी लागू नाही. मित्राने हौसेने दिलेला काडतुसांचा एक डबासुद्धा इमिग्रेशनच्या कामात भलतंच वळण आणू शकतो. शंका असेल तर वकिलाला विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत कशालाही हात लावू नका.

दोन मापं आली कुठून

जॉन ब्राउनिंग यांच्या पिस्तुलासोबत हे काडतूस १९११ साली अमेरिकन सैन्यात आलं, आणि कित्येक दशकं .४५ एसीपी म्हणजे मोठा प्रायमर हे समीकरण पक्कं होतं. मोठ्या पिस्तूल प्रायमरचा व्यास ०.२१० इंच, म्हणजे ५.३३ मिलिमीटर. नऊ मिलिमीटरच्या काडतुसात बसतो तो छोटा पिस्तूल प्रायमर ०.१७५ इंच, म्हणजे ४.४५ मिलिमीटर. जुनी पुस्तकं उघडलीत तर पंचेचाळीससमोर फक्त मोठा प्रायमर लिहिलेला दिसेल.

मग बंदिस्त रेंजवरच्या शिशाचा प्रश्न पुढे आला. नेहमीच्या प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट हे शिशाचं स्फोटक असतं, आणि प्रत्येक बाराबरोबर त्याचा बारीक अंश हवेत उडतो. भिंतींच्या आत दिवसभर शिकवणाऱ्या प्रशिक्षकांच्या, सराव करणाऱ्या पोलिसांच्या फुप्फुसात तो जातो. म्हणून कंपन्यांनी शिसं नसलेले, डीडीएनपी नावाच्या स्फोटकावर चालणारे प्रायमर काढले. या मिश्रणाचा धक्का वेगळा आणि तिखट असतो. पंचेचाळीससारख्या कमी दाबाच्या काडतुसाला त्याचा छोटा प्रायमरही पुरतो. त्यासाठी छोट्या भोकाच्या पुंगळ्या बनू लागल्या. पुढे काही कंपन्यांनी साध्या, शिसंवाल्या प्रायमरच्या काडतुसांनाही छोटंच भोक ठेवलं. नऊ मिलिमीटरला लागतो तोच प्रायमर इथेही चालला तर कारखान्याचं काम सोपं होतं, हे उघड आहे.

त्यामुळे आज रेंजच्या जमिनीवर दोन्ही जाती शेजारी शेजारी पडलेल्या असतात. शंभरात किती छोट्या निघतील याचा आकडा कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. त्या रेंजवर कोण कुठल्या डब्यातल्या गोळ्या झाडतं यावर ते ठरतं.

प्रेसवर नेमकं काय बिघडतं

हा भाग सावकाश वाचा. पुढची सगळी निवडानिवड याच्यासाठीच आहे.

प्रोग्रेसिव्ह प्रेस म्हणजे काडतुसं भरायचं, हँडलने चालणारं यंत्र. त्यावर हँडलच्या प्रत्येक फेरीत चार-पाच कामं एकदम होतात. पहिल्या जागेवर पुंगळी मापात दाबली जाते आणि जुना प्रायमर पिनेने खाली पडतो. हँडल परत नेताना नवा प्रायमर खालून वर दाबला जातो. पुढच्या जागांवर पावडर पडते, गोळी बसते, तोंड आवळलं जातं. प्रेस मोठ्या प्रायमरसाठी लावलेला आहे आणि मध्येच छोट्या भोकाची पुंगळी आली असं समजा. जुना प्रायमर काढणारी पिन भोकाच्या मापाचा विचार करत नाही, ती सहज आरपार जाते. मापात दाबतानाही काही कळत नाही. पत्ता लागतो तो नवा प्रायमर चढताना. मोठा प्रायमर छोट्या भोकाच्या काठावर अडतो, आणि हँडल दगडासारखं घट्ट होतं.

इथे जोर लावला की प्रायमर चिरडतो. प्रायमर ही आघाताने पेटण्यासाठीच बनवलेली वस्तू आहे. हळू दाबलेला प्रायमर बहुतेक वेळा नुसता चेपतो हे खरं, पण या ‘बहुतेक’च्या जवळच नळीत आणखी शंभरेक प्रायमर रांगेने उभे असतात. एक पेटला आणि आग नळीत शिरली तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून प्रेससमोर बसताना संरक्षक चष्मा हवाच, आणि नळीभोवतीचं धातूचं कवच कधीही काढून ठेवू नये.

चिरडलेल्या प्रायमरपेक्षाही मला जास्त भीती वाटते ती त्यानंतरच्या दोन मिनिटांची. सुरुवातीच्या वर्षातला माझाच प्रसंग सांगतो. रविवारच्या सामन्यासाठी शनिवारी रात्री घाईत भरत होतो. हँडल अडलं. मी ते मागे घेतलं, पुन्हा थोडं पुढे नेलं, पुन्हा मागे घेतलं, अडलेली पुंगळी उपटून काढली आणि कामाला लागलो. चार-पाच काडतुसं पुढे गेल्यावर लक्षात आलं की हँडल पुढेमागे करताना पावडरच्या जागेवर उभ्या पुंगळीत पावडर एकदा पडली की दोनदा, हे मला सांगता येत नाही. पंचेचाळीसच्या पुंगळीत जागा भरपूर असते. काही पावडरी इतक्या कमी लागतात की दुप्पट माप पडलं तरी वरून बघणाऱ्याला चटकन कळत नाही. त्या रात्री भरलेला अख्खा डबा मी हातोडीच्या आकाराच्या बुलेट पुलरने एकेक करून सोडवला. दोन तास गेले. दुप्पट पावडरीचं एक काडतूस सापडलं.

ते काडतूस दुसऱ्या दिवशी माझ्या पिस्तुलात असतं. याच्या उलटी चूकही तितकीच वाईट. पावडर पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी पिस्तुलाच्या नळीत अर्ध्यात अडकते, आणि मागून आलेली दुसरी गोळी नळी फाडते. म्हणजे छोट्या भोकाची पुंगळी स्वतः फारसं काही करत नाही. ती तुमची लय मोडते, आणि लय मोडलेल्या हातून चूक होते.

उलट्या दिशेने, म्हणजे प्रेस छोट्या प्रायमरसाठी लावलेला असताना मोठ्या भोकाची पुंगळी आली, तर हँडल अडतच नाही. छोटा प्रायमर ऐसपैस भोकात सैल बसतो किंवा गळून पडतो, आणि पावडर फ्लॅश होलमधून, म्हणजे प्रायमरची आग आत नेणाऱ्या बारीक भोकातून, झिरपत प्रेसच्या सांध्यांमध्ये जाते. आवाज नाही, अडथळा नाही. पुंगळ्या धरणाऱ्या तबकडीखाली, म्हणजे शेलप्लेटखाली, पावडरीचे दाणे दिसले की समजायचं.

आता कामाला लागू.

पायरी १: गोळा करताना

रेंजवरच्या पुंगळ्या उचलायच्या आधी विचारा. काही ठिकाणी पडलेला माल रेंजचा समजला जातो. स्वतः झाडलेल्याच उचलायच्या असतील तर समोर एखादी जुनी चादर पसरून ठेवावी. माझा नियम असा की नवी विकत आणलेली काडतुसं झाडली की त्यांच्या पुंगळ्या त्याच डब्यात, त्याच ट्रेमध्ये परत घरी न्यायच्या. मूळ डबा तुमच्याकडे असला की निवडायचं काम अर्धं झालेलं असतं.

पायरी २: भलत्या जाती बाहेर

बादली उलटी करून आधी लोहचुंबक फिरवा, पोलादी पुंगळ्या चिकटून येतील. अ‍ॅल्युमिनियमच्या रंगावरून आणि हलकेपणावरून ओळखू येतात. त्या दोन्ही बाजूला.

मग चाळणी. वेगवेगळ्या मापांच्या भोकांच्या प्लास्टिकच्या चाळण्या मिळतात. वरच्या चाळणीत पंचेचाळीस अडकतात, खालच्यांत चाळीस (.४० एस अँड डब्ल्यू) आणि नऊ मिलिमीटर. पण चाळणी फक्त जाडी बघते. प्रायमरचं माप तिला कळत नाही, त्यामुळे चाळून झालं म्हणजे निवडून झालं असं नाही. शिवाय नऊ मिलिमीटरची पुंगळी चाळीसच्या पोटात आणि चाळीसची पंचेचाळीसच्या पोटात छान बसते. धुण्याच्या ड्रममध्ये फिरताना त्या एकमेकींत घट्ट अडकतात. प्रत्येक पंचेचाळीसच्या तोंडात एकदा बघा.

.४५ जीएपी नावाचं एक आखूड भावंडही याच ढिगात सापडतं. हे काडतूस २००३ साली आलं. जाडी तीच, लांबी मात्र साधारण १९.२ मिलिमीटर. एसीपीची २२.८ असते. पुंगळ्या सपाट टेबलावर रांगेत उभ्या केल्या की बुटकी लगेच दिसते. जीएपीचं भोकही बहुधा छोटंच असतं.

शेवटी पुंगळीच्या तोंडातून टॉर्च मारून आत बघा. मध्यभागी एकच भोक असेल तर बॉक्सर पद्धत, तीच आपल्या कामाची. दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन, ती भंगारात. बॉक्सर हे ब्रिटिश अधिकारी आणि बर्डन अमेरिकन. दोघांचे शोध १८६६ सालचे. पण पुढे अमेरिकेने बॉक्सरची पद्धत उचलली आणि युरोपातल्या बऱ्याच देशांनी बर्डनची.

पायरी ३: धुणं, पण प्रायमर न काढता

यावर मतं वेगवेगळी आहेत. प्रायमर आधी काढून धुतलं तर खणाची, म्हणजे प्रायमरच्या भोकाची, आतली काजळी निघते, हे खरं. तरी मी पहिलं धुणं जुना प्रायमर जागेवर ठेवूनच करतो. धुतल्यावर चकचकीत झालेला प्रायमर आणि त्याच्याभोवतीची गोल रेघ डोळ्याला जितकी पटकन दिसते, तितका काळा रिकामा खण दिसत नाही. न धुता निवडणं तर नकोच. काजळीचा काळा पट्टा छोट्या प्रायमरभोवती बसला की तो मोठा भासतो.

इथे शिशाची काळजी घ्या. वापरलेल्या पुंगळीवर प्रायमरचा शिसंयुक्त मळ असतो. पुंगळ्या घासणाऱ्या कोरड्या ड्रममधली (टंबलरमधली) मक्याच्या कणसाची किंवा अक्रोडाच्या कवचाची पूड गाळताना तोच मळ धूळ होऊन उडतो. हे काम घराबाहेर करा आणि हातमोजे घाला. ओलं धुणं या बाबतीत बरं, पण ते पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतायचं नाही. काम संपेपर्यंत तोंडात काही टाकू नका, चहासुद्धा नको. घरात रांगतं मूल असेल तर गॅरेजचे कपडे आणि चपला गॅरेजमध्येच ठेवा.

पायरी ४: परातीत निवडणं

पन्नास काडतुसांच्या डब्यात येणारा भोकांचा प्लास्टिक ट्रे जपून ठेवा. त्यात पन्नास पुंगळ्या बूड वर करून उभ्या करा. टेबललॅम्प वरून नको, एका बाजूने तिरपा लावा, म्हणजे प्रायमरभोवतीच्या खाचेत सावली पडते आणि वर्तुळ उठून दिसतं.

ट्रेच्या एका कोपऱ्यात दोन ओळखीच्या पुंगळ्या कायम ठेवा, एक छोटी आणि एक मोठी. पंचेचाळीसचं बूड १२.२ मिलिमीटर रुंद असतं. मोठा प्रायमर त्यातली जवळजवळ ४४ टक्के रुंदी व्यापतो, छोटा ३६-३७ टक्के. क्षेत्रफळात बघितलं तर छोटा ३० टक्क्यांनी लहान. कागदावर हा फरक खूप वाटतो आणि पहिल्या दहा मिनिटांत डोळ्यालाही तो खूपच वाटतो. नंतर डोळा मरतो. शेजारी नमुना असेल तर तो पुन्हा जागा होतो.

ट्रेवर नजर कशी फिरवायची याचीही एक पद्धत आहे. एकेक पुंगळी तपासत बसू नका, आख्ख्या ओळीकडे बघा. सगळी वर्तुळं सारखी असतील तर ओळ शांत दिसते. एखादं लहान असेल तर तिथे नजर ठेचकाळते. मग ट्रे अर्धा फिरवून दुसऱ्या दिशेने पुन्हा बघा. मी एका बैठकीत आठ-दहा ट्रेच्या पुढे जात नाही.

हेडस्टॅम्पचं काय? बुडावरच्या शिक्क्याचा उपयोग इशारा म्हणून करावा, पुरावा म्हणून नाही. ‘एनटी’ अक्षरं दिसली तर ते बिनविषारी प्रायमरचं काडतूस होतं, छोट्या भोकाची शक्यता मोठी. ‘ब्लेझर’ शिक्क्याच्या पितळी पुंगळ्यांत छोटा प्रायमर नेहमी भेटतो. ‘स्पीअर’मध्येही बऱ्याचदा. ‘एफसी’ म्हणजे फेडरलच्या पुंगळ्या दोन्ही मापांत येतात, तेही त्याच शिक्क्याखाली. एनटी शिक्क्याच्या मोठ्या भोकाच्या पुंगळ्याही असतात. इंटरनेटवरच्या याद्या पाठ करून शिक्क्यावर निवडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचे प्रेस माझ्यापेक्षा जास्त वेळा अडतात. शिक्का वाचायला जितका वेळ लागतो त्याच्या निम्म्या वेळात प्रायमर दिसतो, मग प्रायमरच का बघू नये?

पायरी ५: तीन सोळांश इंचाची सळई

डोळ्याने निवडलं तरी शंभरात एखादी निसटते. म्हणून दुसरं दार.

मोठ्या भोकाच्या म्हणून निवडलेल्या पुंगळ्यांचे प्रायमर मी एका वेळी एकच काम करणाऱ्या साध्या सिंगल-स्टेज प्रेसवर, नुसत्या डिकॅपिंग डायने (जुना प्रायमर काढणाऱ्या साच्याने) आधीच काढून घेतो. हार्डवेअरच्या दुकानातून तीन सोळांश इंची ड्रिल बिट आणा. तिचा मागचा गुळगुळीत दांडा ०.१८७५ इंच, म्हणजे ४.७६ मिलिमीटर जाड असतो. मोठ्या खणात तो सहज शिरतो, छोट्यात शिरूच शकत नाही. दोन्ही मापांच्या मधोमध बसणारं हे गेज दोन-तीन डॉलरला मिळतं, आणि याहून चांगलं गेज मला अजून सापडलेलं नाही. दांडा एका लाकडी ठोकळ्यात उभा रोवा आणि पुंगळी बूड खाली करून वरून टेकवा. बसली की मोठी, तरंगली की छोटी. इथे डोळ्याचं कामच नाही, रेडिओ ऐकत करा.

दांडा शिरतो पण पुढे नवा प्रायमर अडतो, असं झालं तर भोक छोटं नाही, कारण दुसरं आहे. तीन शक्यता तपासा. पहिली क्रिंप: सैनिकी काडतुसांत आणि काही एनटी काडतुसांत प्रायमर हलू नये म्हणून भोवतालचं पितळ ठोकून आत ढकललेलं असतं. प्रायमरभोवती गोल खळगा किंवा ठोकल्याच्या खुणा दिसतात. तो काठ स्वेजरने दाबून किंवा रीमरने हलका कापून काढावा लागतो. स्वेजर लावण्याआधी पुंगळ्या मापावर निवडलेल्या असल्याच पाहिजेत. मोठ्या मापाचा स्वेजर छोट्या खणात घुसवला तर पुंगळी तरी जाते नाही तर हत्यार. दुसरी शक्यता म्हणजे जुन्या प्रायमरचं फक्त झाकण उडालं आणि त्याची कडी खणातच राहिली. टॉर्चने बघितलं की कळतं. तिसरी शक्यता दुर्मिळ, पण जुन्या वस्तूंची आवड असणाऱ्याला हमखास भेटणारी: फ्रँकफर्ड आर्सेनलच्या, ‘एफए’ शिक्क्याच्या जुन्या सैनिकी पुंगळ्या. त्यांत ०.२०४ इंचाचा प्रायमर असायचा, तो ना छोटा ना मोठा. अशी पुंगळी सापडली तर भरायच्या भानगडीत न पडता शोकेसमध्ये ठेवा.

याच वेळी फ्लॅश होलवरही नजर टाका. नेहमीचं भोक सुमारे दोन मिलिमीटरचं असतं. सुरुवातीच्या काळातल्या काही एनटी पुंगळ्यांत ते लक्षात येण्याइतकं मोठं आहे. त्या मी वापरत नाही. पुंगळी स्वस्त आहे, आणि छापील कोष्टकं नेहमीच्या भोकावर तपासलेली आहेत.

पायरी ६: हाताची जाणीव

तिसरं दार म्हणजे तुमचा तळवा. प्रायमर बसताना हँडलला किती विरोध होतो हे काही दिवसांत हाताला पाठ होतं. त्यापेक्षा जास्त लागला की थांबायचं. जोर लावून बघू, हा विचारच मनात येऊ द्यायचा नाही. मी बऱ्याचदा प्रायमर प्रेसवर न बसवता हातातल्या प्रायमिंग टूलने बसवतो. वेळ जास्त जातो, पण बोटांना प्रत्येक प्रायमर कळतो, आणि अडला तर शेजारी पावडर भरलेली पुंगळी उभी नसते. बसलेला प्रायमर बुडाच्या पातळीच्या किंचित आत हवा, साधारण तीन ते पाच हजारांश इंच. बोट फिरवलं की उंचवटा लागता कामा नये.

प्रेस अडलाच तर मी काय करतो ते क्रमाने सांगतो. हँडल आहे तिथे सोडायचं. तोंड बाजूला घ्यायचं. चष्मा आहे ना, बघायचं. मग हळुवार मागे घेऊन अडलेली पुंगळी बाहेर काढायची. त्यानंतर शेलप्लेटवरच्या सगळ्याच पुंगळ्या काढायच्या, एकही मागे ठेवायची नाही. ज्यांत पावडर पडली असेल त्यांतली पावडर हॉपरमध्ये, म्हणजे प्रेसवरच्या पावडरीच्या डब्यात, परत ओतायची आणि रिकाम्या प्लेटवर पहिल्यापासून सुरुवात करायची. यात दीड मिनिट जातं. चेपलेला जिवंत प्रायमर अडकलेली पुंगळी पिनेने ठोकून मोकळी करायला जाऊ नका. तेलात किंवा पाण्यात भिजवला म्हणजे प्रायमर मेला, यावरही विसंबू नये. ती वेगळ्या डबीत ठेवून रेंजवर किंवा क्लबात विचारा, विल्हेवाटीची सोय बहुतेक ठिकाणी असते.

छोट्यांचं काय करायचं

बरेच जण छोट्या भोकाच्या पंचेचाळीस पुंगळ्या शिव्या देत भंगारात टाकतात. मला हे पटत नाही. २०२० नंतर अमेरिकेत प्रायमरचा दुष्काळ पडला, तेव्हा ज्याच्या कपाटात फक्त नऊ मिलिमीटरचे छोटे प्रायमर उरले होते त्याला याच पुंगळ्यांनी तारलं. नऊ मिलिमीटर आणि पंचेचाळीस दोन्ही भरणाऱ्याला तर त्या सोयीच्याच. प्रेसवरची प्रायमरची व्यवस्था बदलावी लागत नाही. स्टारलाइन ही कंपनी छोट्या भोकाची नवी पंचेचाळीस पुंगळी मुद्दाम बनवून विकते, तिला गिऱ्हाईक आहे म्हणूनच ना.

फक्त त्यांचा संसार वेगळा मांडायचा. मोठ्या प्रायमरवर बसवलेलं पावडरीचं माप छोट्याला जसंच्या तसं लावू नका. एकही घटक बदलला की छापील कोष्टकातल्या सुरुवातीच्या मापापासून पुन्हा वर चढत यायचं, हा नियम इथेही तसाच. पिस्तूल प्रायमरच्या जागी रायफल प्रायमरही नको. छोटा रायफल प्रायमर खणात मापाने बसतो, पण त्याची टोपी जाड असते, पिस्तुलाच्या पिनेला ती फुटेलच असं नाही. मोठा रायफल प्रायमर उंचीला जास्त असतो, त्यामुळे पिस्तुलाच्या खणातून तो वर डोकावतो, आणि वर आलेला प्रायमर पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) बंद होताना आपोआप उडू शकतो.

डबे आणि खुणा

निवडलेलं पुन्हा मिसळतं ते साठवताना. माझ्याकडे मोठ्यांसाठी निळे झाकण आणि छोट्यांसाठी लाल झाकण असलेले डबे आहेत, आणि प्रत्येकावर मराठीत ‘मोठा’, ‘छोटा’ लिहिलेलं आहे. भरून झालेल्या छोट्या प्रायमरच्या काडतुसांच्या बुडावर मी लाल मार्करची एक रेघ ओढतो, म्हणजे झाडल्यावर उचलतानाच पुंगळी ओळखू येते. प्रायमर मात्र कंपनीच्या मूळ वेष्टनातच ठेवा. काचेच्या बरणीत किंवा सुट्या डब्यात एकत्र ओतलेले प्रायमर म्हणजे छोटा बॉम्बच. एका वेळी टेबलावर एकाच मापाचे प्रायमर असू द्या, दुसरी पेटी कपाटात बंद.

बाकीची काडतुसं

नऊ मिलिमीटर, .३८ स्पेशल, .४० एस अँड डब्ल्यू यांत हा त्रास नाही, ती छोट्या प्रायमरचीच. दहा मिलिमीटर ऑटोत मात्र आहे. मूळ काडतूस मोठ्या प्रायमरचं, पण छोट्या भोकाच्या पुंगळ्याही बाजारात आहेत. तिथेही हीच सळई चालते, कारण दोन प्रायमरांची मापं तीच. .३५७ मॅग्नम १९३५ साली आलं तेव्हा त्यात मोठा प्रायमर होता, नंतर छोटा झाला. एखाद्या वृद्ध नेमबाजाच्या घरून जुनी पेटी मिळाली तर तिथे उलटा खडा सापडेल, छोट्यांत मोठा. तो प्रेसवर अडणार नाही, प्रायमर फक्त सैल पडेल, म्हणून जुन्या .३५७ च्या प्रत्येक पुंगळीला दांडा लावून बघा. ज्यात तो शिरेल ती बाजूला काढा.